अपडेट अडलं तर घाबरू नका, आणि तसंच सोडूही नका

कॉम्प्युटर सुरू करावा आणि पडद्यावर 'अपडेट फेल्ड' असं दिसावं, हे बहुतेक घरांत कधी ना कधी होतं. नेमकी त्याच दिवशी मुलीच्या प्रवेशाच्या फॉर्मची शेवटची तारीख असते, किंवा सातबारा काढायचा असतो. मग जीव खालीवर होतो. कुणी थेट तारच उपटतं. कुणी समोर दिसेल ते बटण दाबतं. कुणी वैतागून अपडेट कायमचं बंद करून टाकतं.

यातलं काहीही करू नका. अपडेट अडलं म्हणजे कॉम्प्युटर बिघडला असं नाही. नवे बदल नीट बसले नाहीत, तर बहुतेक वेळा विंडोज स्वतःच जुन्या स्थितीत परत येते. तुमचे फोटो, कागदपत्रं, हिशेब जागच्या जागी असतात. कारणही बहुधा साधंच निघतं. जागा संपलेली असते, नेट मध्येच तुटलेलं असतं, नाहीतर तारीख चुकलेली असते. हे तुम्हाला घरच्या घरी तपासता येतं.

पण "चालतोय ना, मग राहू दे" असंही म्हणू नका. २०१७ सालचं उदाहरण आठवा. त्या वर्षी १४ मार्चला मायक्रोसॉफ्टने विंडोजमधली एक मोठी फट बुजवणारं अपडेट दिलं. १२ मेपासून 'वॉनाक्राय' नावाचा उपद्रवी प्रोग्राम त्याच फटीतून जगभर पसरला. सुमारे १५० देशांतल्या कॉम्प्युटरवरच्या फाइली कुलूपबंद झाल्या आणि त्या सोडवायला खंडणी मागितली गेली. अपडेट जवळजवळ दोन महिने आधी येऊन पडलं होतं. ज्यांनी ते बसवलं होतं, त्यांच्या मशीनची ती फट बुजलेली होती. तुमच्या कॉम्प्युटरवर बँकेचा व्यवहार होतो, आधारची प्रत असते, घरच्यांचे फोटो असतात. म्हणून अडलेलं अपडेट मार्गी लावायलाच हवं.

आता क्रमाने काय करायचं ते बघू. पुढची नावं विंडोज ११ मधली आहेत. विंडोज १० मध्ये ती थोडी इकडेतिकडे सापडतील.

पहिलं काम : थांबा. पडद्यावर टक्केवारी दिसत असेल किंवा बदल मागे घेत असल्याचा निरोप असेल, तर बटणाला हात लावू नका. जुन्या हार्ड डिस्कच्या मशीनवर एकाच आकड्यावर बराच वेळ जातो. डिस्कचा छोटा दिवा लुकलुकत असेल तर आत काम सुरू आहे. दोन-तीन तास धीर धरा. मध्येच वीज तोडली, तर साध्या अडचणीची मोठी दुरुस्ती होऊन बसते.

दुसरं काम : रिस्टार्ट करा. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. पुष्कळ मशीनवर 'शट डाउन' केल्यावर विंडोज पूर्ण मिटत नाही. पुढच्या वेळी लवकर सुरू व्हावं म्हणून ती आपली काही स्थिती जपून ठेवते. 'रिस्टार्ट' केल्यावर मात्र सगळं नव्याने सुरू होतं. त्यामुळे रोज रात्री कॉम्प्युटर बंद करत असलात, तरी स्टार्टमध्ये जाऊन 'रिस्टार्ट'च निवडा. मग 'सेटिंग्ज'मध्ये 'विंडोज अपडेट' उघडा आणि पुन्हा प्रयत्न करा. कित्येकदा गाडी इथेच रुळावर येते.

तिसरं काम : महत्त्वाच्या फाइलींची प्रत काढा. पुढे काहीही करण्याआधी हे झालंच पाहिजे. फोटो, मार्कशीट, घराची कागदपत्रं, दुकानाचा हिशेब हे सगळं बाहेरच्या हार्ड डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर उतरवा. उतरवल्यावर दोन-चार फाइली तिथून उघडून बघा. प्रत उघडते याची खात्री झाली की ती डिस्क काढून कपाटात ठेवा. कॉम्प्युटरला लावून ठेवू नका.

चौथं काम : जागा बघा. 'धिस पीसी' उघडून सी ड्राइव्हवर किती जागा मोकळी आहे ते पाहा. मोठ्या अपडेटसाठी साधारण २० जीबी मोकळी असलेली बरी. कमी असेल तर आधी रिसायकल बिन रिकामा करा. लग्नाचे व्हिडिओ, व्हॉट्सॲपवरून उतरवलेल्या फिती बाहेरच्या डिस्कवर हलवा. मग 'सेटिंग्ज', 'सिस्टीम', 'स्टोरेज' असं जाऊन 'टेम्पररी फाइल्स' साफ करा. तिथल्या यादीत 'डाउनलोड्स' असंही एक नाव असतं. त्यावर खूण केलीत, तर त्या फोल्डरमधलं सगळं जाईल. हॉल तिकीट, पावत्या, उतारे बहुधा तिथेच पडलेले असतात. आणि 'विंडोज' नावाच्या फोल्डरमधून हाताने काहीही पुसू नका.

पाचवं काम : तारीख आणि वेळ तपासा. घड्याळ चुकलेलं असेल, तर सुरक्षित संकेतस्थळांशी जोडणी होत नाही आणि अपडेटही उतरत नाही. जुन्या डेस्कटॉपवर रोज सकाळी तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली दिसते का? मग आतल्या मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला आहे. तो स्वस्त असतो आणि कॉम्प्युटरच्या दुकानात लगेच बदलून मिळतो. एवढ्याशा सेलसाठी नवा कॉम्प्युटर घेऊ नका.

सहावं काम : नेटचा विचार करा. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर अपडेट घेत असाल, तर दिवसाचा दीड-दोन जीबी डेटा अर्ध्यातच संपू शकतो. शिवाय नेटची जोडणी 'मीटर्ड', म्हणजे मोजून वापरायची, म्हणून नोंदवलेली असेल, तर विंडोज बरीचशी अपडेट आपणहून उतरवत नाही. घरी वायफाय असेल तर राउटर एकदा बंद करून सुरू करा. घरी सोय नसेल, तर लॅपटॉप एखाद्या विश्वासातल्या नातेवाइकाकडे किंवा शेजाऱ्यांकडे न्या आणि त्यांना विचारून त्यांच्या वायफायवर अपडेट उतरवा.

सातवं काम : जोडलेल्या वस्तू काढा. प्रिंटर, पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड, बाहेरची डिस्क सगळं काढून ठेवा. फक्त कीबोर्ड आणि माउस राहू द्या. विकत घेतलेला अँटीव्हायरस असेल, तर तोही कधीकधी आडवा येतो. अपडेटपुरता तो थांबवा आणि काम झालं की आठवणीने पुन्हा सुरू करा. एका मशीनवर दोन अँटीव्हायरस मात्र ठेवू नका.

आठवं काम : विंडोजलाच तपासू द्या. 'सेटिंग्ज', 'सिस्टीम', 'ट्रबलशूट', 'अदर ट्रबलशूटर्स' असं जा. तिथे 'विंडोज अपडेट'समोरचं 'रन' दाबा. ती स्वतः दोष शोधते आणि जमेल तेवढा दुरुस्त करते. नंतर पुन्हा रिस्टार्ट करा.

तरीही जमलं नाही, तर पडद्यावरचा दोषाचा आकडा जसाच्या तसा वहीत उतरवा, किंवा मोबाइलने त्याचा फोटो काढा. त्यात ८००७००७० असे अंक असतील, तर ते जागा संपल्याचं लक्षण आहे. पुन्हा चौथ्या कामाकडे या. दुसरा आकडा असेल, तर तो दुरुस्ती करणाऱ्याला दाखवा. "काहीतरी एरर येतोय" असं सांगण्यापेक्षा आकडा दाखवला, तर त्याचा वेळ आणि तुमचे पैसे वाचतात.

आणखी एक उपाय आहे. 'सेटिंग्ज', 'सिस्टीम', 'रिकव्हरी' इथे विंडोज अपडेटच्या मदतीने विंडोज पुन्हा बसवण्याची सोय आहे. तिथे 'रीइन्स्टॉल नाऊ' असं बटण दिसतं. यात तुमच्या फाइली आणि प्रोग्राम जागेवर राहतात. तरीही आधी प्रत काढलेली असू द्या. शेजारीच 'रीसेट'चं बटण असतं. ते वेगळं आहे. त्यात तुमचे प्रोग्राम जातात, आणि चुकीचा पर्याय निवडला तर फाइलीही जातात. घाईत ते दाबू नका.

अपडेटनंतर कॉम्प्युटर सुरूच होत नसेल, तर काय? दोन-तीन वेळा सुरू होता होता अडला, की विंडोज बहुधा दुरुस्तीचा निळा पडदा दाखवते. तिथे 'ट्रबलशूट', मग 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स', मग 'अनइन्स्टॉल अपडेट्स' असं जाऊन शेवटचं अपडेट काढता येतं. काही लॅपटॉपवर या वेळी डिस्कचं 'बिटलॉकर' नावाचं कुलूप उघडणारी ४८ अंकी किल्ली मागितली जाते. ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॅपटॉप सुरू केला, त्या खात्यात ती सहसा साठवलेली असते. ती आजच शोधून कागदावर लिहा. रेशनकार्ड, विम्याचे कागद जिथे ठेवता तिथेच तो कागद ठेवा. अडल्यावर शोधायला गेलात तर फार धावपळ होते.

आता सगळ्यात जपून राहण्याची गोष्ट. नेटवर काही वाचत असताना अचानक खिडकी उघडते. "तुमचं अपडेट फसलं आहे, या नंबरवर फोन करा" असं त्यात लिहिलेलं असतं. फोन करू नका. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. कुणी स्वतःहून फोन करून "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, हे ॲप टाका" म्हणालं, तर फोन ठेवून द्या. असं ॲप टाकलंत, की तुमचा पडदा त्याच्या हातात जातो आणि पाठोपाठ बँकेचं खातंही. घरातल्या आजी-आजोबांना हे दोनदा सांगा. पैसे गेलेच, तर लाजत बसू नका. लगेच १९३० या सरकारी मदत क्रमांकावर फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम अडवण्याची शक्यता जास्त.

कॉम्प्युटर दुरुस्तीला देताना दोन प्रश्न जरूर विचारा. "विंडोज परवान्याची आहे ना?" आणि "अपडेट सुरू ठेवली आहेत ना?" पैसे वाचवायला चोरीची प्रत टाकून द्यायची आणि अपडेट कायमची बंद करायची, असा प्रकार काही ठिकाणी चालतो. अशा मशीनवर बँकेचं काम करणं धोक्याचं आहे.

तुमच्याकडे विंडोज १० असेल, तर आणखी एक बाब तपासा. तिचा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी ज्यांनी वाढीव मुदतीची नोंदणी केली, त्यांनाच सुरक्षेची अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठरलेली आहेत. त्यामुळे तुमचं अपडेट येतच नसेल, तर तो दोष नसून मुदत संपल्याचा परिणाम असू शकतो. तुमचं मशीन विंडोज ११ घेऊ शकतं का, ते जाणकाराकडून बघून घ्या.

शेवटी एक सवय लावून घ्या. मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुरक्षेची अपडेट देते. आपल्याकडे तेव्हा रात्र झालेली असते. म्हणून त्यानंतरचा रविवार घरात यासाठी ठरवून टाका. वीज जाणार नाही अशी वेळ निवडा. लॅपटॉपला चार्जर लावा, डेस्कटॉप इन्व्हर्टर किंवा यूपीएसवर असू द्या. आधी फाइलींची प्रत काढा, मग अपडेट करा. मुलांची परीक्षा किंवा फॉर्मची शेवटची तारीख जवळ असेल, तर 'पॉझ' दाबून अपडेट आठवडाभर पुढे ढकलता येतं. ढकला, पण विसरू नका.

हे काम घरातल्या एकट्यावर टाकू नका. मुलांना शेजारी बसवा, आईला दाखवा, आजोबांनाही दाखवा. येत्या रविवारी तुमचा कॉम्प्युटर उघडून निदान एवढं बघा, की शेवटचं अपडेट कधी झालं आणि तुमच्या फाइलींची दुसरी प्रत कुठे आहे.