कोयना-वारणेचे धक्के : धरण शाबूत, पण घराचं काय?

पाटण, शिराळ्याकडे भांडी खडखडली की मोबाईलवर मेसेज येतो, 'धरणाला धोका नाही'. बातमीतला खोलीचा आकडा मात्र कुणी वाचत नाही.

भूकंपाची पहिली लहर आणि मागून येणारी दुसरी, यांत एका सेकंदाचा फरक पडला तर भूकंप साधारण 8 किलोमीटरवर. तीन-चार केंद्रांची अशी अंतरं जुळवली की जागा सापडते. खोली नेमकी कळायला केंद्र जवळच लागतं.

इथले बहुतेक धक्के 10 किलोमीटरच्या आतले, म्हणून लहान धक्काही जोरात जाणवतो. कोयनेकडे खडक मुख्यतः आडवे घासत सरकतात, वारणेकडे खाली घसरतात. धरणाचं पाणी भेगांत मुरून त्यांना सरकायला हातभार लावतं, असं शास्त्रज्ञ मानतात. 1985 पासून वारणेत पाणी साठलं. 1993 पासून दक्षिणेकडेही धक्के वाढले.

11 डिसेंबर 1967 च्या पहाटे 6.3 तीव्रतेचा भूकंप झाला. धरणाला तडे गेले, पण ते उभं राहिलं. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, ती मुख्यतः पडलेल्या घरांखाली.

पुढचा धक्का कधी, हे कुणीच सांगू शकत नाही. दगड-मातीच्या भिंतीचा जुना तडा मात्र आजच बघता येतो.