‘मात केली’ या शब्दांविषयी

आजारपणाविषयी लिहिताना मराठीत ‘दुखण्यावर मात केली’ हे शब्द फार सहज वापरले जातात. या शब्दप्रयोगाला आमची हरकत आहे. ज्यांचे दुखणे बरे होणारेच नसते, त्यांच्या पदरी तो केवळ पराभव टाकतो.

बाबा आमटे (1914-2008) यांचेच उदाहरण घेऊ. मणक्यांच्या विकारामुळे त्यांना बसता येत नसे. उभे राहणे वा आडवे होणे, एवढेच हाती उरले होते. तरीही 1985 मध्ये ‘भारत जोडो’ यात्रेसाठी ते कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले. तरुण सायकलींवर होते, बाबा वाहनात आडवे पडून. 1990 मध्ये त्याच पाठीनिशी ते नर्मदाकाठी कसरावदला राहायला गेले. यात ‘मात’ कुठे आहे? दुखणे राहिलेच, त्याला जागा करून देऊन कामाची मांडणी तेवढी बदलली. मनोबल म्हणतात ते हेच असावे, आणि त्यात हात देणाऱ्या सोबत्यांचाही वाटा असतो. श्रद्धा म्हणजे बरे होण्याची हमी नव्हे. शरीर साथ देत नसतानाही काम आणि माणसे भरवशाची आहेत, हा विश्वास होय.

आत्मचरित्रे शिकवताना ‘लेखकाने आजारावर कशी मात केली?’ असा प्रश्न विचारला जातो. त्याऐवजी ‘आजारासह तो कसा जगला?’ असे विचारून पाहावे. समोरच्या बाकावर एखादा विद्यार्थी आपले दुखणे लपवून बसलेला असू शकतो. पहिल्या प्रश्नात त्याला जागा नाही, दुसऱ्यात आहे.