बाटलेल्या पोरीचा शोध

जॉन फोर्डचा 'द सर्चर्स' १९५६ चा. त्याच साली १४ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली. आज माजलगावातलं आपलं पोरगंही हा पिक्चर मोबाइलवर बघू शकतं. बघा दोस्तहो, जरूर बघा. पण घोडं-बंदुकीला टाळ्या पिटण्याआधी, हा हिरो नेमकं काय शोधतोय ते बघा.

हिरो जॉन वेन. कोमांचे टोळीनं त्याची पुतणी डेबी पळवलेली. हा वर्षानुवर्षं माग काढत हिंडतो. सोडवायला? छे! ती टोळीत नांदली, म्हणजे बाटली, म्हणून गोळी घालायला. ह्या शब्दाचा अर्थ माजलगावात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. टेक्सासात मनूच घोड्यावर बसलाय साला!

हीच फोर्डची ताकद. गोऱ्या नायकाच्या पोटातला विटाळ त्यानं झाकला नाही. मेलेल्या कोमांचेचेही डोळे तो गोळ्यांनी फोडतो, आत्म्याला वाट सापडू नये म्हणून. मढ्यालासुद्धा सोडत नाही. मसणवाट्यासाठी भांडणाऱ्या वस्त्यांना हे बरोबर कळेल.

पण फोर्डही शेवटी वाड्यातलाच. टोळीचा सरदार कोण, तर जर्मनीत जन्मलेला गोरा नट हेन्री ब्रँडन. ज्यांच्या मुलखात शूटिंग झालं ते नवाहो मागं गर्दीत. 'लुक' नावाच्या आदिवासी बाईला लाथ मारून उतारावरून लोटतात, आणि थेटरानं हसायचं! खुद्द वेननं १९७१ मध्ये 'प्लेबॉय'ला सांगितलं, त्यांचा देश घेतला त्यात काही चुकलं नाही. जमीन स्वतःलाच ठेवू बघणारे तेच स्वार्थी. गायरान कसणाऱ्याला अतिक्रमणवाला म्हणतात, तोच न्याय.

आणि शेवट. वेन डेबीला गाठतो, उचलतो, घरी चल म्हणतो. दोन तास पोसलेला द्वेष क्षणात गेला कुठं? फोर्ड सांगत नाही. दार बंद होतं, वेन बाहेर एकटा, आपला गळा दाटतो. कुणासाठी? मारायला निघालेल्यासाठी! 'हीच माझी माणसं' म्हणालेल्या डेबीला पुन्हा कुणी विचारत नाही.

बीडच्या शिवेला लागून जामखेड तालुका, त्यात खर्डा. २०१४ साली तिथं आपल्या शाळकरी पोराला मारून झाडाला टांगलं. सवर्ण पोरीशी बोलला, एवढंच कारण सांगितलं गेलं. २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. तिथं कुणाचा हात ऐनवेळी थांबला नाही. २०१६ च्या 'सैराट'मध्ये नागराज मंजुळेही तो थांबवत नाही. फोर्डला हे ठाऊक नव्हतं, की ठाऊक असूनच त्यानं दार लावून घेतलं?