पाचव्या चाकावरचे घर

अमेरिकेतील मोठ्या महामार्गांवर ट्रकचालकांचे जे थांबे आहेत, तेथे सार्वजनिक वजनकाटे असतात. मालाने भरलेले ट्रक त्यांवर उभे राहतात, चालक वजनाची चिठ्ठी घेतो आणि मार्गाला लागतो. त्या रांगेत अधूनमधून एक निराळेच वाहन दिसते. पुढे दणकट पिकअप ट्रक, मागे दहा-बारा मीटर लांबीचे, खिडक्यांना पडदे लावलेले घर, आणि ट्रकमध्ये साठी ओलांडलेले पती-पत्नी. राहते घर विकून किंवा भाड्याने देऊन निवृत्तीची काही वर्षे प्रवासात काढावयाची, असे ठरवून निघालेली ही माणसे. काट्यावरची चिठ्ठी हा त्यांच्या खरेदीवरचा पहिला खरा अभिप्राय असतो. दुर्दैव इतकेच, की तो बहुधा पैसे मोजून झाल्यावर हाती येतो.

या फिरत्या घराला तिकडे ‘फिफ्थ व्हील’ म्हणतात. नाव घोडागाडीच्या काळातले आहे. गाडीला वळण घेता यावे म्हणून पुढच्या आसावर एक आडवे चक्र बसवीत. चार चाकांच्या गाडीतले ते पाचवे चाक. पुढे मालवाहू ट्रेलरच्या सांध्याला तेच नाव चिकटले. विमानविद्येतील आद्य संशोधक ग्लेन कर्टिस यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस आपल्या ‘एरोकार’ या प्रवासी ट्रेलरसाठी असाच सांधा वापरला, आणि त्यात विमानाचे चाक आडवे बसविले. आजच्या गाडीत ट्रेलरच्या पुढच्या भागाखाली एक जाड पोलादी खुंटी असते व ती ट्रकच्या हौद्यात, मागच्या आसाच्या वर बसविलेल्या जबड्यात अडकते. ओढण्याचा बिंदू ट्रकच्या शेपटाला नसून पाठीवर असल्यामुळे वाऱ्यात किंवा मोठा ट्रक शेजारून गेला असता मागचे घर डुलत नाही. दीर्घ प्रवासासाठी लोक याच प्रकाराकडे वळतात, त्याचे मुख्य कारण हे स्थैर्य होय. दुसरे कारण असे, की मुक्कामी पोहोचल्यावर घर तेथेच सोडून ट्रक घेऊन बाजारात जाता येते.

परंतु पाठीवर ओझे घ्यावयाचे तर पाठ तशी हवी. हिशेबाची गफलत होते ती इथेच. विक्रेता सांगतो तो आकडा ‘ट्रक किती ओढू शकतो’ याचा असतो. ग्राहकाने विचारावयाचा आकडा ‘ट्रक किती उचलू शकतो’ हा आहे. तो चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पिवळ्या चिठ्ठीवर छापलेला असतो, आणि प्रत्येक ट्रकचा निराळा असतो. फिफ्थ व्हीलच्या एकूण वजनापैकी सुमारे २० ते २५ टक्के वजन खुंटीमार्गे ट्रकवर येते. समजा, ट्रेलरचे कमाल अनुज्ञेय वजन १४,००० पौंड, म्हणजे सुमारे ६,३५० किलो आहे. २२ टक्के धरले तरी ३,०८० पौंड ट्रकच्या पाठीवर आले. जबड्याच्या सांगाड्याचे २००, दोन माणसांचे ३५०, अवजारे व किरकोळ सामानाचे १५० मिळविले की बेरीज ३,७८० पौंड होते. तिकडे ‘पाऊण टनी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कित्येक डिझेल ट्रकांची क्षमता दोन ते अडीच हजार पौंडांच्या आसपास असते. डिझेल इंजिन ओढण्याची ताकद वाढविते, पण स्वतःच्या वजनाने उचलण्याची क्षमता खाते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. परिणामी मागे प्रत्येक बाजूला दोन चाके असलेला ‘एक टनी’ ट्रक घेणे भाग पडते. ज्यांनी ट्रक आधी घेतला आणि घर नंतर निवडले, त्यांना ट्रक दुसऱ्यांदा घ्यावा लागतो. म्हणून घर आधी ठरवावे, त्याच्या कमाल वजनावरून ट्रक ठरवावा. जाहिरातीतील रिकाम्या गाडीचे वजन या हिशेबात धरूच नये. रिकाम्या घरात कोणी राहत नाही.

घरातील सामानालाही हाच तराजू लागतो. वरच्या गाडीचे रिकामे वजन ११,८०० पौंड असेल तर सामानासाठी २,२०० पौंड उरले. ६० गॅलनची पाण्याची टाकी भरली की त्यातले ५०० गेले. उरलेल्या १,७०० पौंडांत कपडे, भांडी, धान्य, बॅटऱ्या, औषधे, पुस्तके आणि चाळीस वर्षांच्या संसारातून जे सोडवत नाही ते सगळे बसवावयाचे.

अमेरिकेतील बहुसंख्य अशी घरे इंडियाना राज्यातील एल्कहार्ट व भोवतालच्या परिसरात तयार होतात. साथीच्या काळात या धंद्याला अभूतपूर्व तेजी आली. २०२१ मध्ये सर्व प्रकारची मिळून ६ लाखांहून अधिक फिरती घरे कारखान्यांतून बाहेर पडली. २०२३ मध्ये हा आकडा ३ लाख १३ हजारांवर उतरला. व्यापारी घरातील वाचकांना या दोन आकड्यांचा अर्थ सांगावयास नको. तेजीत घेतलेला माल मंदीत विकावयास निघतो, आणि तीन-चार वर्षे वापरलेली गाडी नवीपेक्षा बऱ्याच कमी किमतीत मिळते. पहिल्या मालकाने घसारा सोसलेला असतो व कारखान्यातील बारीकसारीक दोषही निस्तरलेले असतात. मात्र घाईच्या काळात घाईने बांधलेला मालही त्यात आहे. तेव्हा स्वतंत्र तपासनीस नेमून छप्पर, सांधे आणि फरशीचे कोपरे पाहून घ्यावेत. या घरांचा खरा शत्रू पाणी आहे. छताच्या कडेचा भराव एका ठिकाणी सुटला तरी आतील लाकूड गुपचूप कुजत जाते. टायरवरील चार अंक हे निर्मितीचा आठवडा आणि वर्ष सांगतात. नक्षी कोरी करकरीत दिसली तरी सहा-सात वर्षांचा टायर बदलावाच.

नवी गाडी घेणाऱ्यांसाठी एक कलम महत्त्वाचे. अनेक निर्मात्यांच्या हमीपत्रात ‘बारमाही वास्तव्यासाठी वापरल्यास हमी लागू नाही’ अशा अर्थाची अट असते. बारमाही राहण्यासाठीच घर घेणाऱ्याने ही अट न वाचता सही केली, तर हमीची रक्कम किमतीत मोजूनही हमी मात्र मिळत नाही. कर्जाचेही तसेच. १५ ते २० वर्षांच्या हप्त्यांवर ही घरे मिळतात. हप्ता लहान दिसतो, पण पहिली कित्येक वर्षे घराची बाजारातील किंमत बाकी कर्जाच्या खालीच राहते. आजारपणामुळे प्रवास आवरता घ्यावा लागला, तर विकूनही देणे फिटत नाही.

अंतर्भागाची निवड प्रदर्शनातल्या दिव्यांखाली करू नये. शयनगृह ट्रकच्या हौद्यावर येणाऱ्या उंच भागात असते. तेथे जाण्यास दोन-तीन पायऱ्या, बाहेरून आत येण्यास आणखी चार. आज त्या चढणे काहीच वाटत नाही. गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यानंतर, रात्री, अंधारात त्या कशा चढता येतील, हा प्रश्न पलंगाच्या लांबीइतकाच विचारात घ्यावा. सरकत्या भिंती बंद असताना स्वयंपाकघर व न्हाणीघर गाठता येते का, हेही पाहावे, कारण वाटेतल्या थांब्यावर भिंती उघडता येत नाहीत. रोजचा स्वयंपाक घरी करणाऱ्या शाकाहारी कुटुंबाला हे घर सोयीचे खरे, परंतु फोडणीचा धूर बाहेर नेणारा पंखा नुसता शोभेचा आहे की खरोखर बाहेर उघडतो, हे चालवून बघावे. चार माणसे पावसात चार दिवस आत बसली आहेत अशी कल्पना करून खुर्च्यांवर तासभर बसून राहावे. विक्रेता कंटाळला तर कंटाळू द्यावा.

लांबीचा मोह आवरावा. चाळीस फुटी घर ऐसपैस असते, पण राष्ट्रीय उद्यानांतील कित्येक जुन्या तळांवर त्याला जागा मिळत नाही. बासष्टी ओलांडलेल्या अमेरिकी नागरिकांना व कायम रहिवाशांना ८० डॉलरांत या उद्यानांचा आजीवन परवाना मिळतो; त्याचा लाभ घ्यावयाचा तर तीस-बत्तीस फुटांत भागविणे शहाणपणाचे. उंचीही जवळजवळ तेरा फूट असते. उत्तर कॅरोलायनातील डरहॅमचा रेल्वेपूल, ११ फूट ८ इंच उंचीमुळे, वाहनांची छपरे सोलणारा म्हणून जगप्रसिद्ध झाला. २०१९ मध्ये तो ८ इंच उचलला, तरी छपरे सोलणे पुरते थांबले नाही. बाल्टिमोर बंदराखालील बोगद्यातून स्वयंपाकाच्या गॅसच्या टाक्या घेऊन जाता येत नाही. कॅलिफोर्नियात १५,००० पौंडांहून जड फिफ्थ व्हील ओढण्यासाठी निराळा परवाना काढावा लागतो.

घर विकले की पत्ता कोणता, हा प्रश्न कायद्यापुढे उभा राहतो. टपाल, मतदान, विमा, कर या साऱ्यांना पत्ता लागतो. पुष्कळजण टेक्सास, फ्लोरिडा किंवा साउथ डाकोटा निवडतात, कारण तेथे वैयक्तिक उत्पन्नावर राज्याचा कर नाही. आरोग्याच्या बाबतीत ६५ वर्षांनंतरच्या मेडिकेअर योजनेचा कोणता प्रकार घेतला, यावर बरेच अवलंबून असते. मूळ मेडिकेअर देशभर, ती स्वीकारणाऱ्या कोणत्याही डॉक्टरकडे चालते. खासगी कंपन्यांमार्फतच्या पर्यायी योजना बहुधा आपल्या भागातील डॉक्टरांपुरत्या असतात. घरी बसणाऱ्याला दुसरी स्वस्त पडते. फिरणाऱ्याला ॲरिझोनाच्या वाळवंटात पोटात कळ आली की तिची खरी किंमत कळते.

आणि चालक कोण? बहुतेक जोडप्यांत पतीच गाडी हाकतो, सांधा जोडतो, घर मागे घेऊन जागेवर लावतो. पत्नी बाहेर उभी राहून हाताने खुणा करते. त्याला अचानक रुग्णालयात न्यावे लागले, तर तिला ट्रकच्या किल्ल्या हातात घेऊन परक्या गावात परक्याची मदत शोधावी लागते. जाणते प्रवासी यासाठी खरेदीच्या आधीच एक रविवार काढतात. एखाद्या बंद दुकानासमोरचे मोकळे वाहनतळ, चार रबरी शंकू आणि भाड्याने आणलेले घर. जिला कधी वाहन हाकावयाचे नाही असे वाटत असते, तिला त्या दिवशी चालकाच्या जागी बसवतात आणि खुणा करावयास तो बाहेर उभा राहतो. चक्र डावीकडे फिरविले की घर उजवीकडे का जाते, हे समजावयास साधारण एक सकाळ लागते. ज्या घराला तिच्या हाताने मागे घेता येत नाही, त्याच्या ऐवजी चार फुटांनी आखूड घर पाहावयास ती दोघे दुपारी पुन्हा विक्रेत्याकडे जातात.