साडेचार हजारांचा एक दिवस

बरेच दिवस इकडे काही लिहिलं नव्हतं. आज लिहायला बसलोय त्याला कारण आमच्या वहिनींचा फोन. रत्नागिरीचे फोटो पाठवले, सगळ्यांनी "छान छान" म्हणून झालं, आणि मग हिच्या तोंडून खर्चाचा आकडा निघून गेला. "एका दिवसाचे साडेचार हजार? आणि गाईडसुद्धा? तिघांसाठी? अहो, त्यात अख्खी कोकण यात्रा होते बसने!"

होते. नाकारत नाही. पण ते साडेचार हजार (गाडी, पेट्रोल आणि गाडी चालवणारा तोच गाईड, सगळं धरून) मी परत द्यायला तयार आहे, आणि तुम्हीही आईवडिलांना घेऊन जाणार असाल तर द्यावेत असं माझं मत आहे. फोनवर हे नीट सांगता आलं नाही, म्हणून हे पुराण.

सहा वर्षांपूर्वी आईला अष्टविनायकाला पाठवलं होतं, एका यात्रा कंपनीच्या बसने. पंचेचाळीस माणसं. प्रत्येक ठिकाणी बस थांबली की माईकवर घोषणा, "वीस मिनिटं, वीस मिनिटं!" आईच्या गुडघ्यांना बसमधून उतरून रस्ता ओलांडायलाच दहा मिनिटं लागतात. परत आली तेव्हा विचारलं, कसं झालं? म्हणाली, "तीन गणपती पायले, पाच बसमधून." तक्रार म्हणून नाही, हिशोब म्हणून. वर, शेजारच्या सीटवरच्या नाशिकच्या बाईंशी इतकी गट्टी जमली की अजून संक्रांतीला फोन येतो. म्हणजे त्या बसमध्येही काहीतरी होतं, जे साडेचार हजारांत मिळत नाही. हे वहिनींच्या बाजूचं, आधीच कबूल करून टाकतो :-)

तर यंदा जानेवारीत ठरवलं. आई आता 76 वर्षांची आहे आणि तिने समुद्र पाहिलेला नव्हता. आर्वीच्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. आमचं पाणी म्हणजे वर्धा नदी, आणि राजवाडा म्हणाल तर नदीपलीकडचं कौंडिण्यपूर. रुक्मिणीचं माहेर, भीष्मक राजाची राजधानी. वाडा काही दिसत नाही, पांढरी माती आणि टेकाडं दिसतात, पण वाडा होता यावर आमच्याकडे कोणाचाही अविश्वास नाही. लहानपणी दोन-तीनदा आईसोबत गेलोय. तिथून निघणारी रुक्मिणीची पालखी आषाढीला पंढरपूरला जाते, तिच्याबरोबर आईची एक आत्या पायी जायची.

वर्ध्याहून रेल्वेने मुंबई, तिथून कोकण रेल्वे, मध्ये एक मुक्काम. प्रवासाचं सांगत बसत नाही, आठशे किलोमीटरच्या वर अंतर आहे आणि ते तेवढंच लांब वाटतं.

गाईड पस्तिशीचा, स्वतःची गाडी. सकाळीच म्हणाला, "आजी, आज घड्याळ तुमचं. तुम्ही म्हणाल तिथे थांबायचं." हे वाक्य ते सगळ्यांनाच म्हणत असतील, पण त्याने ते दिवसभर पाळलं. क्रमही त्यानेच बदलला. मी कागदावर आधी राजवाडा आणि मग समुद्र लिहून नेलं होतं. तो म्हणाला, ज्यांनी समुद्र पाहिला नाही त्यांना आधी समुद्र, नाहीतर वाड्यात लक्ष लागत नाही.

म्हणून आधी आरे-वारे. रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे जाणारा किनाऱ्याचा रस्ता. चढावर एका वळणावर गाडी थांबवली की खाली दोन्ही बाजूंना किनारा, सुरूची झाडं, आणि समोर नुसतं पाणी. आई उतरली. आम्ही दोघं कॅमेरा सरसावून उभे, की आता काहीतरी बोलेल. पाच मिनिटं काहीच नाही. मग म्हणाली, "एवढं पानी, अन् कपाशीले एक थेंब कामाचा नाही."

गाईड हसून हसून खाली बसला. पण आई हसत नव्हती. तिच्या आयुष्यातली निम्मी वर्षं आभाळाकडे बघण्यात गेली आहेत. आम्ही तिथे एक तास थांबलो. एक तास! कोणी शिट्टी वाजवली नाही. तिने गाडीतली खुर्ची मागवली (घडीची, ती त्याच्या डिकीत होती. आजी-आजोबांसाठी ठेवतो म्हणाला), आणि बसून राहिली. वहिनी, माझा हिशोब इथेच पूर्ण झाला होता. पुढचं सगळं वरकड.

मग थिबा पॅलेस.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. थिबा हा ब्रह्मदेशचा शेवटचा राजा. 1885च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी मंडाले घेतलं, त्याला आणि राणी सुपयालतला बोटीत बसवलं, आधी मद्रासला आणि 1886च्या एप्रिलमध्ये रत्नागिरीला आणलं. तेव्हा तो 27 वर्षांचा होता. 1916च्या डिसेंबरात तो इथेच वारला. म्हणजे तीस वर्षं. आणि ज्या वाड्याला आपण त्याचा राजवाडा म्हणतो, तिथे तो राहायला आला 1910 मध्ये. त्याआधीची चोवीस वर्षं दुसऱ्यांच्या बंगल्यांत. वाडा मिळाला तो शेवटची सहा वर्षं.

वाडा सुंदर आहे यात शंका नाही. लाल जांभा, तीन मजले, अर्धगोल कमानीच्या कोरीव लाकडी खिडक्या. आत आता सरकारी संग्रहालय आहे. गाईडने सुरुवात केली ती नेहमीची असावी: राजा किती श्रीमंत, त्याची माणकं, राणीचा तोरा. तालेवार घराण्याचं वर्णन करावं तसं. मला काही खटकलं नाही, मी फोटो काढत होतो. आईने मध्येच विचारलं, "त्याले बाहेर जाता ये काय?"

गाईड थांबला. "परवानगी लागायची आजी. इंग्रजांची. पहारा होता."

"मंग राजवाडा कायले म्हनता?"

बसमधल्या पंचेचाळीस माणसांत आईने हा प्रश्न विचारला असता का? नसता. विचारला असता तरी माईकवाल्याने ऐकला नसता. खाजगी गाईडबद्दल माझं जे काही मत आहे ते या ठिकाणी बनलं. लोक म्हणतात आराम मिळतो, एसी गाडी मिळते. ते ठीक. पण खरं म्हणजे तुम्हांला एक माणूस मिळतो ज्याला थांबवता येतं. त्याच्या तोंडपाठ गोष्टीत मध्येच बोट घालता येतं. आणि आमचा गाईड असा भला, की त्याने बोट घालू दिलं. त्यानंतर तो गोष्ट वेगळीच सांगायला लागला. कत्तलीची गोष्टही त्याने लपवली नाही. थिबा गादीवर आल्यावर 1879 मध्ये राजघराण्यातले कितीतरी भाऊबंद मारले गेले, गादीला धोका नको म्हणून. आई म्हणाली, "मंग फेडलं म्हना इथं." आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

एक गोष्ट मात्र त्याने मसाला लावून सांगायला घेतली होती. थोरल्या राजकन्येची. राजाच्या पदरी असलेल्या, आधीच लग्न झालेल्या एका नोकरावर तिचा जीव जडला आणि मुलगी झाली. हे डोळा मारून सांगायची गोष्ट असल्यासारखं. (हे डोळा मारणं बहुतेक गिऱ्हाइकांना आवडत असणार. आपणच शिकवलंय त्यांना.) आईने पुन्हा विचारलं, "त्या पोरीचं मंग काय झालं?"

तर त्या पोरीचं असं झालं. राजा गेल्यावर 1919 मध्ये कुटुंबाला ब्रह्मदेशात परतायची परवानगी मिळाली. राजाचा देहही न्यावा अशी राणीची इच्छा होती, ती मान्य झाली नाही, त्याची समाधी रत्नागिरीतच आहे. थोरली राजकन्या मुलीला घेऊन गेली आणि रत्नागिरीला परत आली. 1947 मध्ये इथेच वारली. मुलगी, टुटू, इथेच वाढली, मराठी बोलली, इथल्याच माणसाशी लग्न केलं, गरिबीत पोरंबाळं वाढवली आणि 2000 साली गेली. ब्रह्मदेशच्या राजाची नात! हे सांगताना गाईडचा आवाज बदलला होता. "माझ्या आजीने तिला पाहिलेलं होतं," म्हणाला. मग आधी डोळा का मारलास बाबा, असं विचारावंसं वाटलं, पण विचारलं नाही.

दुपारी टिळकांचं जन्मस्थान. ते घर पाहताना मला जे सुचलं ते शाळेत इतिहास शिकताना कधीच सुचलं नव्हतं. टिळक रत्नागिरीत जन्मले, 1856 साली. 1908 ते 1914 मंडालेच्या तुरुंगात होते. म्हणजे मंडालेचा राजा रत्नागिरीत कैदेत आणि रत्नागिरीचा माणूस मंडालेत कैदेत, एकाच वेळी! त्याच्याही आधी, 1858 मध्ये, दिल्लीचा बहादूरशहा जफर रंगूनला नेला, तो 1862 मध्ये तिथेच मेला. इंग्रजांना हे बरोबर कळलं होतं की माणसाला मारायची गरज नाही, त्याला जिथे कोणी ओळखत नाही तिथे नेऊन ठेवलं की पुरतं. घर चांगलं दिलं तरी चालतं. पेन्शन दिली तरी चालते. 2012च्या डिसेंबरात म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन त्या समाधीवर येऊन गेले, राजा गेल्यानंतर छप्पन्न... नव्हे, शहाण्णव वर्षांनी. (गणित माझं कच्चंच.)

संध्याकाळी थिबा पॉईंट. खाली काजळी नदीची खाडी, भाट्याचा पूल, पलीकडे समुद्र. सूर्यास्ताला गर्दी होती, सगळे पश्चिमेकडे तोंड करून. आईने गाईडला विचारलं, "आर्वी कोनीकडं येते?" त्याने आधी आर्वी कुठे आहे ते मला विचारलं, मग समुद्राकडे पाठ करून हात केला. आईने तिकडे बघून घेतलं.

"रुक्मिनीबी समुद्रापाशीच गेली होती," ती म्हणाली. "द्वारकेले."

हो ना, म्हटलं.

"पन ते आपल्या मनानं गेली. चिठ्ठी पाठवून. याले धरून आनलं."

आता इथे आमच्या घरातली एक गोष्ट सांगायला हवी. नातेवाईकांना ठाऊकच आहे, बाकीच्यांसाठी. दादाने पुण्यात नवा फ्लॅट घेतलाय, अकराव्या मजल्यावर. आईसाठी वेगळी खोली, बाल्कनी, टेकडी दिसते, लिफ्ट आहे, दवाखाना दोन मिनिटांवर. तो मनापासून बोलावतोय, त्याच्या मनात काळं काही नाही. मीही दिवाळीपासून "जा ना आई, किती छान व्ह्यू आहे" हेच म्हणत होतो. आर्वीचं घर जुनं, पावसाळ्यात गळतं, आणि मी दिवसभर नोकरीवर. सगळं ठरल्यातच जमा होतं. फक्त ती चौपन्न-पंचावन्न वर्षांपूर्वी पुलगावहून छोट्या गाडीने नवरी होऊन ज्या आर्वीत उतरली, तिथून तिने जायचं की नाही हे तिला कोणी विचारलं नव्हतं. सोय विचारली होती. खोली कोणत्या बाजूची पाहिजे, कमोड चालेल का, वगैरे. ती छोटी गाडी बंद झाली तेव्हाही कोणी विचारलं नव्हतं म्हणा.

आई थिबा पॉईंटवर मला उद्देशून काही बोलली असं मी म्हणत नाही. ती राजाबद्दलच बोलत होती. ती असं आडून बोलणाऱ्यांतली नाही, बोलायचं असतं तर सरळ बोलली असती. पण माझ्या हातातला चहा गार झाला, एवढं खरं.

असो. खर्चाकडे परत येतो, कारण वहिनी वाचणार आहेत. गाईड घ्या, पण घेताना नुसता दर विचारू नका. तो मूळचा कुठला, त्याच्या घरच्यांनी काय पाहिलंय, हे विचारा. एका दिवसात पाचच्या वर ठिकाणं दाखवतो म्हणणारा घेऊ नका, तो बसवालाच, फक्त गाडी लहान. आम्ही रत्नदुर्ग पाहिला नाही, गणपतीपुळेही राहिलं. राहिलं तर राहिलं. म्हातारं माणूस सोबत असेल तर प्रश्न त्यालाच विचारू द्या, आपण मध्ये तोंड घालून "आई, अगं तो राजा होता ना" करू नका. मी दोनदा केलं. आणि गाईड मसाला लावायला लागला तर "पुढे काय झालं" एवढंच विचारायचं. त्याला माहीत असतं, फक्त ते कोणी विचारत नाही.

निघताना आईने गाईडला शंभर रुपये जास्तीचे दिले, स्वतःच्या पिशवीतून. तो घेईना. "घे बाबू, खुर्चीचे," म्हणाली.

दादा, तूही हे वाचशील. फ्लॅटबद्दल मी आईशी अजून बोललो नाहीये. रविवारी विचारणार आहे. तूही फोनवर राहा, स्पीकर लावतो. आणि टेकडीबद्दल तिला काही सांगू नकोस आधी.