रघुजींची तलवार आणि जुन्या वस्तूंचा बाजार

नागपूरकर भोसल्यांच्या घराण्याचे संस्थापक पहिले रघुजी भोसले यांची तलवार एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या सदबीज या संस्थेच्या लिलावात निघाली. महाराष्ट्र शासनाने मध्यस्थामार्फत ती घेतली. वाहतुकीसह खर्च सुमारे ४७ लाख १५ हजार रुपये झाला आणि १८ ऑगस्टला तलवार मुंबईत आली. आपल्या सर्वांनाच आनंद झाला. पण आपलीच वस्तू पैसे मोजून का घ्यावी लागली?

ही तलवार १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतरच्या लुटीत गेली असावी, असा अंदाज आहे. पक्का पुरावा नाही. असता तरी फारसा उपयोग नव्हता. चोरीच्या सांस्कृतिक वस्तूंविषयीचा युनेस्कोचा करार १९७० चा, आपला पुरावस्तू कायदा १९७२ चा. त्याआधीच्या लुटीला दोन्ही लागू पडत नाहीत. म्हणूनच १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर नेलेली टिपू सुलतानाची तलवार मे २०२३ मध्ये लंडनमध्ये राजरोस विकली गेली, तीही सुमारे १ कोटी ४० लाख पौंडांना.

खरेदी हा मार्ग झटपट आहे, पण त्याने भाव चढतात. भावनेला गिऱ्हाईक आहे हे बाजाराला लगेच कळते. दुसरे मार्गही आहेत. लंडनच्या संग्रहालयातली वाघनखे २०२४ मध्ये तीन वर्षांच्या बोलीवर साताऱ्यात आली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये एका नागा माणसाची कवटी लिलावाच्या यादीत होती. नागालँडमधून तीव्र निषेध होताच ती मागे घेतली गेली. ऑस्ट्रेलियाने तर जानेवारी २०२४ पासून नाझी चिन्हे असलेल्या वस्तूंचा व्यापारच कायद्याने बंद केला.

आणखी एक गोष्ट आपणच बोलायला हवी. रघुजींच्या स्वाऱ्या आपल्याला पराक्रम वाटतात. बंगालमध्ये मात्र मुलांना 'बर्गी' आले अशी भीती घालून निजवत. तलवारीखालच्या पाटीवर दोन्ही आठवणी लिहिल्या, तर तिचे मोल कमी होणार नाही.

इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्यातल्या आपल्या कितीतरी घरांत जुनी तलवार, कट्यार किंवा ढाल माळ्यावर पडून असते. घर आवरताना ती जुन्या वस्तूंच्या दुकानात जाते आणि तिची हकिगत तिथेच संपते. शंभर वर्षांहून जुनी वस्तू कायद्याने पुरावस्तू ठरते. तिचा व्यापार करणाऱ्याकडे परवाना लागतो आणि खाजगी माणसाला ती परदेशी पाठवता येत नाही. विकायचे की ठेवायचे, हे ज्याने त्याने ठरवावे. पण त्याआधी छायाचित्र काढावे. वस्तू कोणाची, घरात कशी आली, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे. रघुजींच्या तलवारीबाबत नेमका हाच कागद आज कोणाकडे नाही.