प्रश्नपरीक्षा आणि कायद्याचे भय

भंडारदऱ्याच्या पाणलोटातील एका तरुण शेतकऱ्यास मी चार महिने अम्लपित्ताचा रुग्ण समजून सूतशेखर व कामदुधा देत होतो. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) पहाटे हृल्लास, वारंवार छर्दी, आणि एक विलक्षण तक्रार : कढत पाण्याने स्नान केले की तेवढ्यापुरते बरे वाटते. दीर्घकाळ गांजा ओढणाऱ्यांत नेमका हाच लक्षणसमुच्चय आढळतो, असे ऑस्ट्रेलियातील डॉक्टरांनी २००४ साली नोंदविले आहे. व्यसनाविषयी मी विचारले होते. ‘तंबाखू, बाकी काही नाही,’ असे उत्तर आले आणि मी ते लिहून घेतले. खरे काय ते पुढे त्याच्या आईने सांगितले.

तो का लपवीत होता? पोलिसांचे भय होतेच. पण त्याहून मोठे भय घरातील बंदुकीचे होते. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी वडिलांच्या नावे असलेला परवाना त्यास आपल्या नावावर हवा होता. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार अर्जासोबत जे वैद्यकीय प्रमाणपत्र लागते, त्यात अर्जदार मादक पदार्थांच्या अधीन नाही, असा स्पष्ट उल्लेख असावा लागतो. नियम योग्यच आहे. परंतु त्याचा परिणाम असा, की ज्याने वैद्याजवळ बोलावे तोच मौन धरतो.

आता कायदा प्रत्यक्षात काय म्हणतो? १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम २७ नुसार गांजाच्या सेवनास सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्ह्याची माहिती देण्याचे बंधन नागरिकांवर घालणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३३ च्या यादीत मात्र हे सेवन नाही. म्हणजे रुग्णाने सांगितले म्हणून वैद्याने पोलिसांत जावे, असे बंधन नाही. हे रुग्णास ठाऊक नसते, आणि आपल्यापैकी किती जणांस ठाऊक आहे, याचीही मला शंका आहे.

शिवाय विजया आपल्याला परकी नाही. व्यवायी द्रव्याचे उदाहरण म्हणून शार्ङ्गधराने भंगेचेच नाव घेतले आहे. जातिफलादि चूर्णात ती असते. चोरून गांजा ओढणाऱ्या ग्रहणीच्या रुग्णास आपण तेच चूर्ण दिले, तर मात्रा किती झाली हे कोण सांगणार?

दर्शन, स्पर्शन, प्रश्न यांपैकी प्रश्न आपण सर्वांत घाईने उरकतो. तोही बहुधा भरल्या ओसरीत, नातेवाइकांसमोर. उत्तराचे आपण काय करणार आहोत, हे आधी सांगून एकांतात विचारावे, आणि रुग्ण घरी नेतो त्या कागदावर ते लिहू नये. मौनाला सीमाही आहे. रुग्ण जिवावर उदार झाला असेल आणि घरात बंदूक असेल, तर ती दुसऱ्याच्या ताब्यात जाईल इतके घरच्यांना सांगितलेच पाहिजे. जीवितास धोका असताना आवश्यक तेवढी माहिती देण्याची मुभा २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम २३ नेही दिली आहे. ही सीमादेखील रुग्णास पहिल्याच भेटीत सांगावी.

राहिला कलम ६४अ चा प्रश्न. स्वेच्छेने व्यसनमुक्तीचे उपचार घेणाऱ्यास खटल्यापासून अभय मिळते; पण ते उपचार शासनाच्या वा स्थानिक प्राधिकरणाच्या, अथवा त्यांनी मान्य केलेल्या संस्थेत घ्यावे लागतात. गावातील वैद्याकडे आलेल्यास ते लाभत नाही. निदान अशा संस्थेकडे पाठविण्यापूर्वी वैद्याने केलेल्या उपचारांचा काळ त्यात धरावा, अशी मागणी आपल्या संघटनेने शासनाकडे लेखी करावी. पुढील सभेत तसा ठराव मी मांडणार आहे.